विमानाच्या दाराशेजारी चक्क ठिगळ दिसलं! धातूचा थकवा नेमका पकडतात कसा?

आयलसीट
नमस्कार मंडळी. इथं विमानवाले कोणी ना कोणी असतीलच म्हणून विचारतेय, हसू नका.

परवा नागपूरहून पुण्याला आले. एरोब्रिज नव्हता, बसने नेऊन जिन्यावरून चढवलं. पुढचे काका दारातच बॅगेशी झटापट करत होते म्हणून दोन मिनिटं वरच्या पायरीवर उभी होते आणि सहज दाराच्या कडेला नजर गेली तर तिथं ठिगळ! वहीच्या पानाएवढा पत्रा, कोपरे गोल केलेले, भोवती रिव्हेटच्या ओळी, वरून पांढरा रंग. आमची आजी गळक्या पातेल्याला डाग लावून आणायची, अगदी तसंच.

भाऊ डिप्लोमा मेकॅनिकल आहे, त्याला सांगितलं तर म्हणे मेटल फटीग असेल, अलोहा एअरलाइन्सचं वाच. वाचलं. २८ एप्रिल १९८८, हवाईतल्या हिलोहून होनोलुलूला निघालेलं बोइंग ७३७, २४ हजार फुटांवर पुढच्या भागाचं छप्परच उडून गेलं, माणसं पट्टे लावून उघड्या आभाळाखाली बसलेली आणि तरी पायलटने ते माउईला उतरवलं. एक एअर होस्टेस मात्र बाहेर ओढली गेली ती गेलीच. भावाचे आभार, रात्रभर झोप नाही.

तर ते ठिगळ म्हणजे तडा होता का? आणि धातू थकतो म्हणजे काय, तो काय माणूस आहे? आणि एवढ्या अवाढव्य विमानात केसाएवढा तडा शोधतात तरी कसा? पुढच्या बुधवारी परत जायचंय, त्याच्या आत उत्तर द्या :)

चहा_कमी_साखर
ठिगळ आहे म्हणजे कोणीतरी नीट बघितलंय. ज्याला ठिगळ नाही त्याची काळजी करा :D

हँगर_नंबर_दोन
मुंबईत २७ वर्षं एनडीटी केलं, आता घरी बसून नातवाच्या सायकलचे ब्रेक तपासतो. एनडीटी म्हणजे वस्तू न तोडता, न कापता आतलं बघायचं. लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

ताई, आधी तुमचं ठिगळ. त्याला आम्ही डबलर म्हणतो. दाराच्या आजूबाजूला असलं तर बहुतेक वेळा तिथं जिना नाहीतर केटरिंगची गाडी धडकलेली असते, सामानाच्या दाराशी असलं तर बॅगांचा पट्टा. पोचा पडतो, तो मॅन्युअलच्या मापात बसला नाही की तेवढा भाग कापून काढायचा, कडा घासून गुळगुळीत करायच्या आणि वरून पत्रा रिव्हेट करायचा. त्याची नोंद विमानाच्या कागदांत कायमची राहते, पुढं कधी कधी तपासायचं तेही त्यात असतं. म्हणजे आजार नव्हे, अपघाताचे टाके आहेत ते.

आता थकवा. हा शब्दच घोळ करतो. माणूस थकला तर झोपून उठला की ताजातवाना, धातूचं तसं नाही, विमान महिनाभर उभं ठेवलं म्हणून एक कणभरही भरून येत नाही. घरातली लोखंडी बादली आठवा. तिच्यात कधी पाण्यापेक्षा जड काही भरलं नाही, तरी दहा वर्षांनी एक दिवस कडी कानाशी तुटते. एकदा उचलल्याने तुटली नाही, हजारो वेळा उचलल्याने तुटली. त्या वाकणाशी आधी दिसणारही नाही एवढी चीर पडते, प्रत्येक उचलीला रेसभर पुढं सरकते, उरलेला धातू कमी कमी होत जातो आणि मग शेवटची उचल. त्या दिवशी बादली रोजच्याएवढीच भरलेली असते.

विमानाची केबिन म्हणजे हीच बादली. वर हवा विरळ म्हणून आत दाब भरावा लागतो, साधारण आठ पीएसआयचा (दर चौरस इंचाला आठ पौंड) फरक, म्हणजे पत्र्याच्या प्रत्येक चौरस फुटावर पाचशे किलोहून जास्त जोर. चढताना फुगायचं, उतरताना बसायचं. असं एक फुगणं-बसणं म्हणजे एक सायकल. म्हणून आम्ही वय विचारत नाही, किती सायकल झाल्या ते विचारतो. त्या अलोहाच्या विमानाच्या ८९,६८० सायकल होत्या आणि तास होते फक्त ३५,४९६. भागाकार करून बघा, एक उड्डाण सरासरी २४ मिनिटांचं! बेटावरून बेटावर, दिवसभर फुग-बस फुग-बस, त्यात समुद्राची खारी हवा. पत्रे जिथं एकावर एक येतात त्या जोडाचं चिकटवण सुटलं, सगळा भार रिव्हेटवर आला, आणि एका ओळीतल्या कितीतरी भोकांना बारीक बारीक चिरा पडल्या. एकटी चीर धोक्याची नव्हती. त्या एकमेकींना जाऊन मिळाल्या.

शोधायचं कसं. पहिलं हत्यार डोळे, टॉर्च आणि आरसा. हसू नका, आजही सगळ्यात जास्त तपासणी डोळ्यांनीच होते. जुन्या काळी विमानात सिगारेट ओढायला परवानगी होती तेव्हा पत्र्याला कुठं फट असली की धुराचा तपकिरी ओघळ बाहेर उमटायचा, जुने लोक तोच शोधत फिरायचे. सिगारेट बंद झाली, प्रवाशांच्या फुफ्फुसांचं भलं झालं, आमची एक खूण गेली.

मग पेनिट्रंट. पार्ट स्वच्छ धुवायचा, चकाकणाऱ्या रंगात बुडवायचा, रंग चिरेत मुरू द्यायचा, वरचा धुऊन टाकायचा, पावडर मारायची की चिरेतला रंग वर शोषला जातो आणि अंधाऱ्या खोलीत यूव्ही दिव्याखाली हिरवी रेघ चमकते. अंधारात शिरल्यावर डोळे सरावेपर्यंत थांबायचं असा नियम आहे, उन्हात काळा होणारा चष्मा चालत नाही. दरवर्षी डोळे तपासायचे, बारीक अक्षरं वाचून दाखवायची. माझी शेवटची दोन वर्षं त्याच धाकात गेली.

एडी करंट हे माझं आवडतं. पेनासारखा प्रोब, टोकाशी तारेचं वेटोळं, त्यात एसी करंट. तो पत्र्याजवळ नेला की पत्र्यात भोवरे फिरतात, चीर आडवी आली की भोवऱ्याला वळसा घालावा लागतो आणि पडद्यावरचा ठिपका उडी मारतो. पातळ रंग असला तरी चालतं, रिव्हेट न काढता चालतं. फ्रिक्वेन्सी कमी केली की खालच्या थरातलंही कळतं. अल्ट्रासॉनिक म्हणजे तुमची सोनोग्राफी, जेलीसकट. लँडिंग गिअर पोलादाचा, त्याला चुंबक लावून लोखंडाचा भुसा सोडायचा, चिरेवर भुसा गोळा होतो. आणि एक्सरे असला की रात्री हँगर रिकामा करायचा, दोरी बांधायची आणि बाहेर आम्ही दोघं तिघं कुडकुडत.

आता मुद्द्याचं. २७ वर्षांत मी एकदाही "चीर नाही" असं लिहिलेलं नाही. "आढळली नाही" असं लिहितात. दोन्हीत फरक आहे आणि सगळं शास्त्र त्या फरकात आहे. १९६९ च्या डिसेंबरात अमेरिकेत एफ-१११ लढाऊ विमानाचा पंख निखळला, विमान अगदी नवं, शंभरेक तास उडालेलं, पंखाच्या सांध्यातल्या पोलादात घडवतानाच दोष राहून गेलेला. त्यानंतर विचारच उलटा झाला. चीर नाही असं धरायचंच नाही, प्रत्येक महत्त्वाच्या भोकाला ती आहेच असं धरायचं आणि विचारायचं की ती किती वेगाने वाढेल. १९७८ पासून प्रवासी विमानांच्या अमेरिकन नियमांतही हे आलं. समजा आमच्या प्रोबला दीड मिलिमीटरची चीर पक्की सापडते, आणि तिथून धोक्याच्या लांबीला पोचायला तिला १२ हजार उड्डाणं लागतात, तर तपासणी ४ हजारला ठेवायची. एकदा हुकली तरी दुसऱ्यांदा सापडेल, दुसऱ्यांदा हुकली तरी वेळ आहे. आकडे उदाहरणापुरते हां, प्रत्येक जागेचे वेगळे.

ओतशाळा
मस्त लिहिलंय काका. मी कोल्हापूरचा, आमच्याकडे क्रँकशाफ्टला तोच चुंबक आणि तोच भुसा. पोलादात एक सोय असते, ठरावीक ताणाच्या खाली ठेवलंत तर कितीही फिरवा, सहसा थकून तुटत नाही. अ‍ॅल्युमिनियमला ती लक्ष्मणरेषाच नाही, ताण कमी असला तरी कधी ना कधी तुटणारच, फक्त उशिरा. हे पहिल्यांदा मोजलं ते रेल्वेच्या आसांवर, जर्मनीतल्या ऑगस्ट व्होलरने, विमानाचा जन्म व्हायच्या कितीतरी आधी. लहानपणी मिरज जंक्शनवर गाडी थांबली की एक माणूस प्रत्येक चाकाला हातोडी मारत जायचा आठवतंय का कोणाला? खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर गडबड. तोही एनडीटीवालाच की.

बाकी विमानाच्या खिडक्या गोल का असतात तेही यामुळेच ना? कॉमेट विमानाच्या खिडक्या चौकोनी होत्या म्हणून फुटलं असं आम्हाला शिकवलंय.

वि_दा
@ओतशाळा, शिकवतात सगळेच पण ते अर्धंच खरं आहे. कॉमेटचं प्रकरण नीट सांगतो कारण ते मला फार आवडतं, आवडतं म्हणणं बरं दिसत नाही पण असो.

१० जानेवारी १९५४ ला रोमहून लंडनला निघालेलं कॉमेट एल्बा बेटाजवळ समुद्रात पडलं, ३५ माणसं. उड्डाणं थांबवली, बदल केले, परत सुरू केली आणि ८ एप्रिलला दुसरं नेपल्सजवळ, २१ माणसं. विमानं नवी होती, पहिल्याची १,२९० उड्डाणं आणि दुसऱ्याची ९०० झालेली. मग इंग्लंडमध्ये फार्नबरोच्या विमान संशोधन केंद्रात आर्नोल्ड हॉल यांच्या टीमने एक अख्खं कॉमेट पाण्याच्या टाकीत घातलं, पंख बाहेर आणि धड पाण्यात, आणि आत पाणी भरून दाब द्यायचा-काढायचा, द्यायचा-काढायचा. पाणी का तर हवा भरून फुटलं असतं तर बाँबच, सगळा पुरावा उडाला असता, पाणी दाबलं जात नाही त्यामुळे नुसतं फाटतं. आधीची खरी उड्डाणं धरून साधारण ३ हजार सायकलला ते फाटलं.

आता गंमत बघा. विमान बनवणाऱ्या कंपनीने आधीच केबिनच्या एका तुकड्याची चाचणी केली होती आणि तो तब्बल १६ हजार सायकल टिकला होता! मग हे ३ हजारात कसं? तर त्याच तुकड्यावर आधी ताकदीची चाचणी म्हणून दुप्पट दाब दिला होता. त्या दाबाने खिडकीच्या कोपऱ्यातला धातू किंचित ताणला गेला, दाब काढल्यावर आजूबाजूच्या पत्र्याने त्याला आवळून धरलं आणि आवळलेल्या धातूत चीर पडायला वेळ लागतो. म्हणजे तपासायच्या नादात त्यांनी तो तुकडा नकळत मजबूत करून ठेवला आणि मग त्याच्यावर विश्वास ठेवला. परीक्षेआधी एकाच मुलाला पेपर दाखवायचा आणि वर्ग हुशार आहे म्हणायचं तसं.

आणि खिडक्या: कोपरे गोलच होते, फक्त गोलाई कमी पडली. एल्बावालं विमान प्रवाशांच्या खिडकीपाशी फुटलंच नव्हतं, समुद्रातून काढलेल्या तुकड्यांत सुरुवात सापडली ती छतावरच्या अँटेनाच्या खिडकीजवळच्या भोकाशी. कोपऱ्यापाशी ताण त्यांच्या हिशोबापेक्षा बराच जास्त होता, त्यात तिथंच भोक.

सावध_नाना
वाचायला छान आहे सगळं. पण काका, तुमचं ते "एकदा हुकली तरी दुसऱ्यांदा सापडेल" कागदावर. १९८९ चं अमेरिकेतल्या सू सिटीचं डीसी-१० विमान घ्या. मागच्या इंजिनाची फॅन डिस्क, म्हणजे पंख्याची पाती जिच्यावर बसवतात ती चकती, फुटली, विमान वळवणाऱ्या तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा गेल्या, २९६ पैकी शंभराहून जास्त माणसं मेली. त्या टायटॅनियममध्ये ओतकामापासूनचा दोष होता आणि आधीच्या वर्षी तीच डिस्क त्याच हिरव्या रंगाने तपासली होती. तेव्हा चीर अर्ध्या इंचाच्या आसपास असणार असं तपासात निघालं. अर्धा इंच! दिसली नाही.

आणि हल्लीचं सांगतो, २०२३ मध्ये इंजिनं बनवणाऱ्या प्रॅट अँड व्हिटनीने स्वतःच जाहीर केलं की ए३२० निओच्या इंजिनांच्या काही डिस्क ज्या धातूच्या पावडरीपासून केल्या त्यात अशुद्ध कण राहिले होते, चीर लवकर पडू शकते. आपल्या इंडिगोची कितीतरी विमानं त्यापायी जमिनीवर उभी राहिली. मग आजच्या काळातसुद्धा माणूस टॉर्च घेऊन का फिरतोय? सेन्सर चिकटवा, एआय लावा, विषय संपवा.

हँगर_नंबर_दोन
नानासाहेब, सू सिटीचं खरं आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. आमच्या ट्रेनिंगमध्ये ती केस पहिल्याच दिवशी दाखवायचे आणि खोलीत कोणी बोलायचं नाही.

पण प्रॅटचं उदाहरण मी उलटं वाचतो. आधी कळलं, विमानं उभी केली, डिस्क काढून तिरप्या कोनातून अल्ट्रासॉनिक लावून शोधलं. पैसा गेला, वेळापत्रकं बोंबलली. हे असंच व्हायला हवं.

सेन्सर आहेत. एक प्रकार मला फार आवडला, रबरासारखी पट्टी, तिच्यात केसासारख्या नळ्या, त्यातली हवा काढून घेतलेली. पट्टी संशयाच्या जागी चिकटवायची, खाली चीर आली की हवा शिरते, निर्वात गेला, कळलं. काही जागांसाठी ती रीतसर वापरतात. पण कुठं चिकटवायची हे आधी माहीत हवं ना. लाखो भोकं आहेत. आणि सेन्सरही सुटतो, वायर तुटते, मग सेन्सर तपासायला टॉर्च घेऊन माणूस लागतोच.

माणूस का हुकतो ते सांगतो. अलोहाच्या चौकशी अहवालात यावर लिहिलंय आणि वाचताना वाटलं होतं की कोणीतरी आमच्याबरोबर रात्रपाळी करून लिहिलंय. परांचीवर चढायचं, एका हातात प्रोब, मीटर, दिवा, विमानाच्या पाठीवर जायचं असेल तर छताला दोरी बांधून, आणि मग एक रिव्हेट, दुसरा रिव्हेट, तिसरा, पहाटेपर्यंत. हजार रिव्हेट बघितले आणि काही सापडलं नाही की मेंदूच ठरवतो की पुढच्या हजारातही नाही. धातूच्या थकव्याचं गणित आहे, बघणाऱ्याच्या थकव्याचं कोणी मांडायचं.

एकदा रात्री तीनला एका बोल्टच्या भोकात ठिपका उडाला. प्रोब काढला, नमुन्याच्या पट्टीवर लावला, त्या पट्टीत मुद्दाम मापाची खाच केलेली असते, ती बरोबर दाखवतंय. परत भोकात, परत उडी. विमान सकाळी सहाला निघणार. वरिष्ठांना उठवलं, ते आले, त्यांनाही दिसलं. विमान थांबवलं. भोक साफ करून, किंचित मोठं करून परत बघितलं तर काही नाही, कधीतरी ड्रिल काढताना पडलेला ओरखडा होता. सकाळी ओरडा खाल्ला, दीडशे प्रवासी खोळंबले, सगळ्यांच्या लेखी मी येडा. पुढच्या रात्री हात प्रोबवर होता आणि मनात एकच, आज उडी मारली तर सांगू का? सांगितलं असतं. पण मनात आलं हे खरं आहे. ज्या वरिष्ठांना उठवलं होतं ते त्या रात्री स्वतःहून परांचीवर आले, माझ्या शेजारी बसले, काही बोलले नाहीत, फक्त डबा उघडला आणि म्हणाले शेंगदाण्याची चटणी आहे, खा. पुढची सगळी वर्षं मी त्या डब्यावर काढली म्हणा ना.

सावध_नाना
हे पटलं. म्हणजे यंत्रापेक्षा ओरडणारा साहेब जास्त धोकादायक.

ओतशाळा
एक अडाणी प्रश्न. तुटल्यावर कसं कळतं की थकूनच तुटलं, एकदम धक्क्याने नाही? आमच्याकडे गिऱ्हाईक नेहमी म्हणतं तुमचं मटेरियल खराब, आम्ही म्हणतो तुम्ही ओव्हरलोड केलं.

वि_दा
तुटलेली कडा बघायची. थकून तुटली असेल तर नुसत्या डोळ्यांनीही बऱ्याचदा शिंपल्यासारख्या रेषा दिसतात, एका बिंदूतून पसरत गेलेल्या. तो बिंदू म्हणजे सुरुवात. शेवटचा तुकडा मात्र खरबरीत, कारण तो एका झटक्यात गेला. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली त्याहून बारीक रेषा दिसतात, पुष्कळदा एका सायकलला एक, आणि त्या मोजून चीर कधी सुरू झाली त्याचा अंदाज काढतात, झाडाची वलयं मोजावीत तसा. गिऱ्हाईकाशी भांडायच्या आधी तुटलेले तुकडे एकमेकांवर जुळवून बघू नका फक्त, सगळे तसंच करतात, घासून रेषाच जातात.

चहा_कमी_साखर
ताईंनी साधा प्रश्न विचारला होता, त्यांचं बुधवारचं तिकीट कॅन्सल करून सोडलंत तुम्ही लोकांनी.

आयलसीट
नाही नाही, उलट बरं वाटलं. ठिगळाचा विषय संपला. भावाला बादलीचं उदाहरण ऐकवलं, त्याला चार वर्षांत कोणी असं सांगितलं नव्हतं म्हणे.

एक राहिलं. अलोहाच्या बातमीत वाचलं की चढताना एका बाईंना दाराजवळ पत्र्याला भेग दिसली होती आणि त्या कोणाला बोलल्या नाहीत. मला ते डोक्यातून जात नाहीये. मीही जिन्यावर उभी होते, ठिगळ बघितलं आणि गप आत जाऊन बसले. सांगायला हवं होतं का? कोणाला? वेड्यात काढतील असं वाटलं खरं.

हँगर_नंबर_दोन
दारात उभ्या असलेल्या एअर होस्टेसला सांगायचं, बास. "इथं काहीतरी दिसतंय, एकदा इंजिनिअरला दाखवाल का." ती कॅप्टनला सांगते, कॅप्टन खाली उभ्या इंजिनिअरला बोलावतो, तो येऊन बघतो आणि बहुतेक वेळा हसून म्हणतो डबलर आहे, नोंद आहे. दोन मिनिटं. मागचे ढकलतील, काका बॅगेवरून चिडतील, चिडू देत. आणि कोणी वेड्यात काढलं तर माझी ती सकाळ आठवा.

ओळख कशी: ठिगळाच्या कडा नेमक्या, कोपरे गोल, रिव्हेट ओळीत. भेग असली तर ती रिव्हेटपासून रिव्हेटकडे जाते, किंवा रंग एका रेषेत तडकलेला असतो, किंवा रिव्हेटच्या मागे काळपट शेपूट आलेलं असतं, रिव्हेट ढिला होऊन घासत असला की ते येतं. ओळखता आलं नाही तरी हरकत नाही, ते तुमचं काम नाही. सांगणं तेवढं करा.

आयलसीट
ठीक. बुधवारी सकाळची फ्लाइट आहे. तेच विमान आलं तर ओळीत किती रिव्हेट आहेत ते मोजून इथं टाकते, तोपर्यंत काकांना विचारून ठेवते की शेंगदाण्याची चटणी सोलापूरची होती का.

हँगर_नंबर_दोन
सोलापूरचीच. साहेब अक्कलकोटचे होते.